मंगळवारी उतरा: आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची अकरा दिवसांची खाद्ययात्रा

आयर्लंडला पहिल्यांदा गेले तेव्हा कॉर्क शहरात पोचले ती रविवारी. इंग्लिश मार्केटच्या दाराला कुलूप होतं. लोखंडी गजांतून आत डोकावलं तर धुतलेली फरशी आणि रिकामे कट्टे दिसले. सोमवारी पहाटे परतीचा प्रवास सुरू होणार होता. ज्या बाजारासाठी एवढा घाट घातला, तो न बघताच मी परत आले. दुसऱ्या खेपेला ताई बरोबर होती. ती शाकाहारी, मी सगळं खाणारी. या वेळी मात्र तिकिटं काढायच्या आधी मी वारांचं गणित मांडलं आणि ते इतकं चपखल बसलं की आता विचारेल त्या प्रत्येकाला तेच सांगते: डब्लिनला मंगळवारी उतरा.

कारण असं. मिडल्टनचा शेतकरी बाजार शनिवारी भरतो. कॉर्कचं इंग्लिश मार्केट सोमवार ते शनिवार उघडं असतं, रविवारी बंद. बँट्रीचा बाजार शुक्रवारी. मंगळवारी उतरून त्याच दिवशी आगगाडीने वॉटरफर्ड गाठलं की शनिवारी मिडल्टन, रविवारी कोव्ह, सोमवारी कॉर्क आणि पुढच्या शुक्रवारी बँट्री असा सगळा मार्ग आपोआप जुळतो. अकरा दिवस लागतात. यात ना गॉलवे आहे ना डिंगल, आणि डब्लिनही जवळजवळ नाही. ती गावं वाईट नाहीत. पण खाणं आणि इतिहास एकमेकांत इतके गुंतलेले बघायचे असतील तर वॉटरफर्ड ते बँट्री हा दक्षिणेचा पट्टाच धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

या पट्ट्यात फिरताना एक प्रश्न कायम बरोबर ठेवा: या गावातून बाहेर काय गेलं, आणि इथल्या माणसाच्या ताटात काय उरलं? अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधून लोणी, खारवलेलं गोमांस, डुकराचं मांस आणि धान्य जहाजं भरभरून बाहेर जात होतं. उत्तम माल बंदरावर जायचा. रक्त, आतडी, वजडी, पाय, ताक आणि बटाटा मागे राहायचा. आज ज्याला आयरिश खासियत म्हणून मान आहे, त्यातला मोठा भाग या उरलेल्यातूनच घडला. आपल्याकडे रक्ती, वजडी आणि पाया ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिजले, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा व्हिसा लागतो. आयर्लंड युरोपीय संघात आहे, चलनही युरो आहे, पण देश शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसावर तिथे उतरता येत नाही. ब्रिटनच्या काही अल्पमुदतीच्या व्हिसांवर संयुक्त योजनेचा ‘बीआयव्हीएस’ असा शेरा असतो. तो असेल तर त्याच व्हिसावर आयर्लंडला जाता येतं, पण आधी ब्रिटनमध्ये प्रवेश करावा लागतो. शेरा नसेल तर वेगळा अर्ज करा.

डब्यात काय न्यायचं, याचाही नियम आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप आणि पेढे घरीच ठेवा. मेतकूट, चटण्या, भाजलेले शेंगदाणे, गूळपोळीऐवजी तिळाच्या वड्या असं न्या. ताईच्या पिशवीतल्या शेंगदाण्याच्या चटणीने आमच्या किती उकडलेल्या बटाट्यांचं भलं केलं ते काय सांगू!

महिने निवडायचे तर मे, जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. पाऊस कधीही येतो आणि वारा छत्री उलटी करतो, म्हणून छत्री सोडा आणि टोपीचा रेनकोट घ्या. भिंतीतल्या सॉकेटला ब्रिटिश पद्धतीची चौकोनी तीन पिनांची प्लग लागते.

पहिले सात दिवस आगगाडी आणि बस पुरते. शेवटच्या चार दिवसांसाठी कॉर्कहून गाडी भाड्याने घ्या. वाहतूक आपल्यासारखी डावीकडूनच चालते, त्यामुळे भीती नको, पण ऑटोमॅटिक गाड्या कमी मिळतात, तेव्हा ती आधीच सांगून ठेवा. आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतलेला बरा. वेस्ट कॉर्कचे रस्ते दोन्ही बाजूंनी कुंपणं असलेल्या बोळांसारखे आहेत. नकाशा एक तास म्हणाला तर दीड धरा.

राहायला घरगुती ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ बघा. न्याहारी भाड्यातच असते आणि ती भक्कम असते: डुकराच्या मांसाचे काप म्हणजे रॅशर, सॉसेज, काळं आणि पांढरं पुडिंग (गोड नव्हे, सॉसेजसारखं: काळं रक्त घातलेलं, पांढरं बिनरक्ताचं), अंडी, टोमॅटो, ब्राउन ब्रेड. शाकाहारी असाल तर आदल्या संध्याकाळीच मालकीणबाईंना सांगा. ताईला रोज लापशी, मशरूम, अंडी आणि ताजा पाव मिळाला, तोही आपुलकीने. उपाहारगृहांच्या मेनूवर पदार्थांपुढे छोटे आकडे दिसतील. ते ॲलर्जीकारक घटकांचे आहेत. दूध, मासे, अंडी असं बरंच काही त्यावरून कळतं, पण मांसाचा रस घातलाय की नाही ते कळत नाही. सूप मागवताना ते तोंडाने विचाराच.

जेवणाच्या वेळा सांभाळा. लहान गावात नऊच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होतं. संध्याकाळी लवकर, साधारण पाच ते सातच्या दरम्यान, बऱ्याच ठिकाणी ‘अर्ली बर्ड’ म्हणून कमी दरात दोन-तीन पदार्थांचं जेवण मिळतं. आपल्याला सातला जेवायची सवय नसते, पण दिवसभर चालल्यावर भूक लागतेच.

वॉटरफर्ड: सकाळी अकराच्या आत

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वॉटरफर्डला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. स्टेशनच्या नावाकडे लक्ष द्या. शॉन ह्यूस्टन हा ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६ च्या उठावानंतर गोळ्या घातलेल्या तरुणांपैकी एक. कॉर्कचं केंट स्टेशनही तसंच, थॉमस केंटच्या नावाचं. उठावाच्या पन्नासाव्या वर्षी, १९६६ मध्ये, देशातल्या मोठ्या स्टेशनांना ही नावं दिली गेली.

वॉटरफर्ड हे आयर्लंडमधलं सर्वांत जुनं शहर. व्हायकिंगांनी ९१४ मध्ये इथे तळ टाकला. बुधवारी सकाळी उठल्यावर मात्र आधी संग्रहालयाकडे नाही, बेकरीकडे जा. इथला पाव म्हणजे ‘ब्ला’. मऊ, पांढरा, वरून पिठाने माखलेला. बेकऱ्यांत तो एकमेकांना चिकटलेल्या ओळींत भाजतात आणि देताना तोडून देतात, अगदी लादीतून पाव सुटतो तसा. कडा जिथून सुटते तिथे तो रेशमासारखा असतो. फ्रान्समधून परागंदा होऊन आलेल्या ह्युगेनॉट प्रॉटेस्टंटांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस हा पाव इथे आणला, असं वॉटरफर्डकर सांगतात. २०१३ पासून त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे या भागातल्या बेकऱ्यांखेरीज कुणी त्याला ‘वॉटरफर्ड ब्ला’ म्हणू शकत नाही.

तो खायचा कसा? पहिला नुसत्या लोण्याबरोबर. दुसऱ्यात रॅशर, किंवा ‘रेड लेड’ म्हणून ओळखला जाणारा लालसर मांसाचा काप. ताईने बटाट्याचे वेफर्स चुरून घातले, आणि दुकानातल्या बाईंनी मान डोलावून सांगितलं की शाळेतली मुलंही असाच खातात. ब्ला दुपारपर्यंत शिळा होतो. अकराच्या आत गाठा, नंतर मजा नाही.

मग मध्ययुगीन संग्रहालय बघा. इमारतीच्या पोटात तेराव्या शतकातलं दालन आणि पंधराव्या शतकातलं वाइनचं तळघर जसंच्या तसं आहे. खालच्या थंड कमानीत उभं राहिलं की आमचा प्रश्न सरळ समोर येतो: आत वाइन येत होती आणि बाहेर इथला माल जात होता. अठराव्या शतकात याच धक्क्यावरून खारवलेलं डुकराचं मांस, लोणी आणि माणसं न्यूफाउंडलंडच्या मासेमारीकडे जात. जवळचा रेजिनाल्ड बुरूज वेळ असेल तर चढा.

सायकलवरून डंगार्वन

गुरुवारी वॉटरफर्ड ते डंगार्वन हा ४६ किलोमीटरचा ग्रीनवे सायकलने करा. जुन्या रेल्वेमार्गावर २०१७ मध्ये हा रस्ता तयार झाला. मोटारी नाहीत, चढ बेताचे, वाटेत जुने पूल, एक लांब बोगदा आणि शेवटी समुद्र. सायकल भाड्याने देणारेच मागे सोडायची सोय करतात. एवढं अंतर झेपणार नसेल तर किल्मॅकथॉमसला सुरुवात करा, अर्धा मार्ग वाचतो आणि सुंदर भाग हाती राहतो.

किल्मॅकथॉमसला थांबायचं ते दोन गोष्टींसाठी. पुलावरून खाली फ्लाहाव्हन कुटुंबाची ओटची गिरणी दिसते. दोनशेहून जास्त वर्षं हे घराणं त्या गावात दळण करतंय, आणि तुम्ही रोज न्याहारीला खाताय ती लापशी बहुधा इथलीच असते. जवळच १८४५ मध्ये सुरू झालेल्या बटाट्याच्या दुष्काळाच्या काळातल्या वर्कहाउसच्या दगडी इमारती आहेत. घरदार संपलेल्यांना तिथे भरती व्हावं लागे, आणि नवरा, बायको, मुलं वेगवेगळ्या दालनांत ठेवली जात. एका नजरेच्या टप्प्यात गिरणी आणि वर्कहाउस. मी सायकल टेकवून बराच वेळ तिथे उभी होते.

डंगार्वन छोटं, टुमदार बंदर आहे. रात्री मासे खा आणि झोपा.

मिडल्टन: भांडं आणि पिसं

शुक्रवारी बसने मिडल्टनला या. बस यॉलवरून जाते. तिथे वॉल्टर रॅलेने आयर्लंडमधला पहिला बटाटा लावला अशी आख्यायिका आहे. पुरावा नाही, पण खिडकीतून गाव बघताना ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

मिडल्टनला बहुतेक लोक येतात ते व्हिस्कीच्या जुन्या भट्टीसाठी. १८२५ मध्ये सुरू झालेली ही भट्टी आज प्रदर्शन म्हणून चालते, खरं उत्पादन १९७५ पासून शेजारच्या नव्या कारखान्यात होतं. आतमध्ये तांब्याचं एक प्रचंड भांडं आहे, ३१,६१८ गॅलनचं, म्हणजे जवळपास १ लाख ४३ हजार लिटरचं. जगातलं सर्वांत मोठं पॉट स्टिल, म्हणजे दारू गाळायचं भांडं. न पिणाऱ्यालाही ते बघून अचंबा वाटतो.

पण माझं सांगणं आहे की ते बघून झालं की दहा-पंधरा मिनिटं चालत बेलिक पार्कला जा. गवतात स्टेनलेस स्टीलची नऊ पिसं गोलाकार उभी आहेत, प्रत्येक सुमारे वीस फूट उंच. लांबून बघितलं तर त्यांचा मिळून एक वाडगा होतो. रिकामा वाडगा. अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूलनिवासी लोकांच्या आठवणीसाठी शिल्पकार ॲलेक्स पेंटेकने ते घडवलं, आणि २०१७ मध्ये चॉक्टॉ प्रतिनिधींच्या उपस्थितीत त्याचं अनावरण झालं. १८३१ पासून चॉक्टॉंना त्यांच्या भूमीतून हाकलण्यात आलं, वाटेत हजारो मेले. त्यानंतर दीड दशकांनी, १८४७ मध्ये, समुद्रापलीकडे कुणी आयरिश नावाचे लोक उपाशी मरतायत हे त्यांच्या कानावर आलं आणि त्या कफल्लक लोकांनी वर्गणी काढून मदत पाठवली. आकडा १७० डॉलर असा सांगितला जातो. २०२० मध्ये कोरोनाने नाव्हाहो आणि होपी जमातींची दैना झाली तेव्हा असंख्य आयरिश माणसांनी तिकडे पैसे पाठवले आणि सोबत लिहिलं की ही जुनी परतफेड.

आपलाही एक धागा इथे आहे. दुष्काळाची बातमी पसरल्यावर अगदी सुरुवातीला पुढे आलेल्या मदतीत कलकत्त्यात, कंपनीच्या आणि सैन्याच्या लोकांत, जमवलेला निधी होता. मुंबईतूनही वर्गणी गेली.

शनिवारी सकाळी नऊ-साडेनऊला बाजारात हजर राहा. हा बाजार २००० साली सुरू झाला आणि देशातल्या नव्या शेतकरी बाजारांतल्या पहिल्या काहींपैकी आहे. मोठा नाही. पाव, चीज, भाज्या, धुरावलेले मासे. पिकवणारा किंवा बनवणाराच समोर उभा असतो, तेव्हा विचारा. कुठलं दूध, कुठली जमीन, शेजारचं गाव कुठलं. लोक मनापासून सांगतात, तुम्ही कुठले हेही विचारतात.

दुपारी टॅक्सीने शॅनागॅरीला बॅलीमलू हाउसमध्ये जेवायला जा. जागा काही आठवडे आधी राखून ठेवा. १९६४ मध्ये मर्टल ॲलन या शेतकऱ्याच्या बायकोने आपल्या घरातल्या जेवणाच्या खोलीतच उपाहारगृह उघडलं. त्या काळी चांगलं जेवण म्हणजे फ्रेंच नावांचं जेवण असा समज होता. त्यांनी उलटं केलं: शेतात आज काय आलंय, बॅलीकॉटनच्या होड्यांना आज काय मिळालंय, त्यावरून मेनू रोज लिहायचा. १९७५ मध्ये त्यांना मिशलिन तारा मिळाला, आयर्लंडमधल्या बाईला मिळालेला पहिला. जवळच १९८३ मध्ये त्यांची सून डरीना ॲलनने भावासोबत पाककला शाळा सुरू केली. मिळालं तर कॅरागीन पुडिंग खा. किनाऱ्यावरच्या शेवाळाने दूध घट्ट केलेलं असतं, चायना ग्रासच्या खिरीसारखं, पण हलकं आणि समुद्राची अगदी पुसट चव असलेलं. ताईने दोनदा घेतलं.

रात्री लोकल गाडीने कॉर्क. पंचवीस मिनिटं लागतात.

रविवारी कोव्ह, सोमवारी कॉर्क

रविवारी बाजार बंद, म्हणून कोव्हला जा. कॉर्कहून पुन्हा पंचवीसच मिनिटं, आणि गाडी पाण्याच्या काठाकाठाने जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या शंभर वर्षांत सुमारे २५ लाख माणसं या बंदरातून देश सोडून गेली. धक्क्यावर ॲनी मूर आणि तिच्या दोन धाकट्या भावांचा पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नोंद झालेली ती पहिली व्यक्ती. टायटॅनिकचाही हा शेवटचा थांबा, ११ एप्रिल १९१२, इथून १२३ प्रवासी चढले. लोणी आणि मांस बाहेर जात होतंच, शेवटी खाणारी तोंडंही गेली. धक्क्याजवळ माशांचं चाउडर, म्हणजे दाट सूप, आणि ब्राउन ब्रेड खाऊन परत या.

सोमवारी इंग्लिश मार्केट. १७८८ पासून इथे बाजार आहे. ‘इंग्लिश’ अशासाठी की त्या वेळी शहरावर राज्य करणाऱ्या इंग्रजी वळणाच्या वर्गाचा हा बाजार, गरिबांचा ‘आयरिश’ बाजार वेगळा. सकाळी दहाला जा, माल पूर्ण मांडलेला असतो आणि गर्दी व्हायची असते. एक फेरी काहीही न घेता मारा.

दुसऱ्या फेरीत तीन गोष्टी शोधा. पहिली खारवलेला ‘लिंग’ (ling) नावाचा मासा, फळीसारखा कडक आणि पिवळट. सुक्या मासळीचा वास नाकात बसलेल्या कोकणी माणसाला तो चार दुकानं आधीच कळेल. दुसरी स्पाइस्ड बीफ, मसाल्यात मुरवलेलं, कॉर्कचा नाताळ त्याच्याशिवाय होत नाही. तिसरी ड्रिशीन, आणि तिच्यासाठीच मी दुसऱ्यांदा आले होते.

ड्रिशीन म्हणजे रक्ताचं पुडिंग, पण ओट वगैरे घालून घट्ट केलेलं नाही. करडी-तपकिरी, तुळतुळीत गुंडाळी. सुरी लावली की खरवसासारखी थरथरते. वजडी आणि कांदा दुधात मंद शिजवतात, त्यात पांढरी मिरी, आणि शेवटी ड्रिशीनचे काप. मी वरच्या गॅलरीत बसून ते खाल्लं, खाली बाजाराचा गलका चालला होता. चव फार सौम्य. मिरी आधी, मग दुधाचा गोडवा, आणि अगदी शेवटी लोखंडासारखी रक्ताची चव. हे प्रत्येकाला आवडेल असं नाही, पण कॉर्कमधून हजारो पिंप खारवलेलं मांस ब्रिटिश आरमाराला आणि वेस्ट इंडीजला जात असताना कत्तलखान्याच्या आसपासच्या घरांत काय शिजत होतं, ते ही एक वाटी सांगते. अर्धा भाग मागून बघा, तेवढी हिंमत जरूर करा.

दुपारी नदी ओलांडून शँडनचा चढ चढा. १७७० मध्ये स्थापन झालेलं कॉर्कचं बटर एक्स्चेंज हे एके काळी जगातला सर्वांत मोठा लोण्याचा बाजार होतं. केरी आणि कॉर्कच्या डोंगरांतून ‘बटर रोड’ नावाच्या रस्त्यांनी लोण्याची लाकडी पिंपं इथे यायची, तपासून त्यांची प्रत ठरायची, आणि उष्ण प्रदेशांत जाणाऱ्या लोण्याला जास्त मीठ लागायचं. आता तिथे लोण्याचं संग्रहालय आहे. उघडायच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, आधी बघून घ्या. दलदलीत पुरून ठेवलेलं सुमारे हजार वर्षांपूर्वीचं लोणी तिथे ठेवलंय. एका दगडी गोळ्यासारखं दिसतं. शेजारच्या सेंट ॲन चर्चच्या मनोऱ्यात पर्यटकांना घंटा वाजवू देतात, आणि वर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याऐवजी सोनेरी सॅमन मासा आहे.

ताईसाठी कॉर्क हे सर्वांत सुखाचं शहर ठरलं. कॅफे पॅराडिसो हे १९९३ मध्ये सुरू झालेलं शाकाहारी उपाहारगृह भाजीला मांसाची नक्कल करायला लावत नाही, भाजीला भाजी म्हणूनच वाढतं.

क्लॉनकिल्टी आणि स्किबरीन

मंगळवारी गाडी ताब्यात घ्या आणि क्लॉनकिल्टीला जा. रंगीत दुकानांचं, फुलांनी सजलेलं गाव. आयरिश स्वातंत्र्यलढ्यातला नेता मायकल कॉलिन्स याचा जन्म जवळच्या वुडफील्डचा. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ‘बेल ना ब्ला’ या ठिकाणी गोळीबारात तो मारला गेला तो याच परिसरात. खाण्यासाठी इथलं काळं पुडिंग प्रसिद्ध आहे. कृती १८८० च्या दशकातली, १९७६ मध्ये ट्वोमी नावाच्या खाटिकाने दुकानासोबत ती घेतली आणि देशभर नेली. ड्रिशीनच्या उलट हे खरपूस, ओटमुळे दाणेदार आणि मिरमिरीत. बहुतेक काळी पुडिंगं डुकराची असतात, पण यात बीफ आहे. न खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बुधवारी स्किबरीन. आधी पोटभर न्याहारी करा, कारण त्यानंतर काही तास खाण्याची इच्छा होणार नाही. हेरिटेज सेंटरमधलं दुष्काळाचं प्रदर्शन बघा, मग गावाबाहेर ॲबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत जा. तिथे आठ ते दहा हजार माणसं सामूहिक खड्ड्यांत पुरलेली आहेत. नावं नाहीत. छान कापलेलं हिरवं गवत आहे फक्त, आणि पलीकडे नदी.

काय झालं ते थोडक्यात. मजुराकडे जमिनीचा तुकडा एवढाच की बटाटाच पुरा पडे. दिवसाला पाचेक किलो बटाटे आणि ताक, हे एका पुरुषाचं जेवण होतं. बहुतेक गरिबांकडे ‘लंपर’ ही एकच जात लावलेली. १८४५ मध्ये करपा आला, १८४६ मध्ये जवळजवळ सगळं पीक काळं पडलं. १८४१ मध्ये ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख मेले, त्याहून जास्त परागंदा झाले. आणि या सगळ्या काळात बंदरांतून धान्य आणि लोणी बाहेर जातच होतं. सरकारने अमेरिकेतून मका आणला, पण तो दळायला पुरेशा गिरण्या नव्हत्या आणि शिजवायचा कसा हे लोकांना ठाऊक नव्हतं. १८४७ च्या उन्हाळ्यात सूप वाटपाने रोज तीस लाख माणसं जगवली, आणि शरद ऋतूत तीच केंद्रं बंद केली गेली. सोलापूर, अहमदनगरकडच्या ज्यांच्या घरात १८७६-७८ च्या दुष्काळाच्या गोष्टी झिरपत आल्या आहेत, त्यांना हा सगळा हिशेब ओळखीचा वाटेल. तेव्हाही धान्य देशाबाहेर जात होतं.

संध्याकाळी आम्ही एका पबमध्ये बसलो. जेवणाबरोबर उकडलेले बटाटे आले, पिठूळ, साल फुटून उललेले. ताईने लोणी लावून एक खाल्ला, बशीत काहीच टाकलं नाही. मीही नाही.

बँट्रीचा शुक्रवार

गुरुवार मोकळा ठेवा आणि शल, डरसच्या बाजूने सावकाश जा. इथे गोष्ट वळण घेते. १९७० च्या दशकात बेआरा द्वीपकल्पावर व्हेरोनिका स्टील यांच्याकडे एक शिंग मोडलेली गाय होती आणि घरात उतू जाईल इतकं दूध. त्यातून १९७६ मध्ये ‘मिलीन्स’ चीज जन्मलं. मागोमाग डरस आणि गबीन आलं. दूध डेअरीला देऊन मोकळं होण्याऐवजी ते इथेच ठेवायचं, इथल्या दमट हवेत मुरवायचं. साल मिठाच्या पाण्याने पुसत राहतात, त्यामुळे ती नारिंगी आणि उग्र वासाची होते. वासावर जाऊ नका, आतलं मऊ आणि दाट असतं. काटेकोर शाकाहारी असाल तर दूध साखळवण्यासाठी घालतात ते रेनेट कुठलं वापरलंय ते विचारा. प्राणिज नसलेलंही वापरतात.

शुक्रवारी सकाळी बँट्रीच्या वुल्फ टोन चौकात बाजार भरतो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तो जास्त मोठा असतो. १७९६ मध्ये आयरिश क्रांतिकारक वुल्फ टोन फ्रेंच आरमार घेऊन याच उपसागरात आला होता, पण वादळामुळे उतरता आलं नाही. पाण्यात आज दोरांवर वाढवलेल्या शिनाण्यांची शेती आहे. कांदा, वाइन आणि सायीत वाफवलेले मागवा. तिन्ही चिजांचे छोटे तुकडे, ब्राउन ब्रेडची एक वडी आणि सफरचंदं घ्या आणि पाण्याकाठी बसून खा. मग गाडी कॉर्कला परत करा, रात्रीची आगगाडी डब्लिनची.

घरी आल्यावर: सोडा ब्रेड

आयर्लंडचा गहू मऊ, यीस्टच्या पावाला नीट न फुगणारा. १८३० च्या दशकात खाण्याचा सोडा मिळू लागला आणि लोणी काढून उरलेलं आंबट ताक तर घरोघरी होतंच. दोन्हींची गाठ पडली आणि कोळशांत पुरलेल्या झाकणाच्या लोखंडी भांड्यात हा पाव भाजला जाऊ लागला.

२२५ ग्रॅम जाडसर कणीक, २२५ ग्रॅम मैदा, एक सपाट छोटा चमचा सोडा, एक छोटा चमचा मीठ. सोडा चाळून घाला, गुठळी राहिली तर पावात हिरवट, कडू ठिपका येतो. ओव्हन २२० अंशांवर तापवा. कालचं आंबट, दाटसर ताक ३५० ते ४०० मिलिलिटर घ्या. मधोमध आळं करून बहुतेक ताक एकदम ओता, बोटं फाकवून हात एकाच दिशेने फिरवा. आपली कणीक जास्त पाणी पिते, लागेल तसं उरलेलं घाला. पीठ चिकट आणि ओबडधोबडच राहायला हवं. मळू नका, इथेच आपला हात चुकतो. पोळीची सवय असते ना! पीठ लावलेल्या ताटात काढून दोन इंच उंच गोल करा, सुरीने खोल फुली मारा आणि लगेच ओव्हनमध्ये ढकला, कारण ताक लागल्या क्षणापासून सोडा काम करू लागतो. पंधरा मिनिटांनी आच २०० वर आणा, आणखी पंचवीस ते तीस मिनिटं. पाव उलटा करून बुडावर बोटाने टकटक करा. मडक्यासारखा पोकळ आवाज आला की झाला. नाहीतर उलटाच ठेवून आणखी पाच मिनिटं.